किआंती की लांगे? वाईन करणाऱ्या घराण्यांकडे जायचं असेल तर

इटलीला निघालेल्या ओळखीच्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. हाताशी चार-पाच दिवस आहेत, पिढ्यान्पिढ्या वाईन करणाऱ्या घरांत जाऊन बघायचंय, तर टस्कनीतल्या किआंतीला जावं की पिडमाँटमध्ये लांगेच्या डोंगरांत, बारोलो-बार्बारेस्को या वाईनच्या गावांकडे? दोन्ही एका सहलीत कोंबू नका, एवढं आधी सांगतो. आम्ही कोंबलं आणि मधला एक अख्खा दिवस गाड्या बदलण्यात गेला. एकच निवडा.

मी आणि बायको ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलो होतो. माझ्या वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची. त्यामुळे मी वाईनपेक्षा वेलीकडे आणि वेलीपेक्षा ती राखणाऱ्या माणसाकडे जास्त बघतो. माझा कल तिथूनच आला असणार, तेवढं धरून पुढचं वाचा. किआंती सांजोवेझे द्राक्षाची, बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची, लाकडात किती महिने ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे असं समजतो.

दोन्ही मुलखांना जोडणारी एक गोष्ट मला फार आवडते. १८६१ साली इटलीचं राज्य एक झालं, तेव्हाचे पहिले दोन पंतप्रधान या दोन द्राक्षमुलखांशी बांधलेले होते. पहिले कावूर. तरुणपणी लांगेतल्या ग्रिन्झानेच्या किल्ल्यात राहून ते घराण्याची जमीन बघायचे आणि १८३२ ते १८४९ अशी सतरा वर्षं त्या गावाचे महापौर होते. १८६१ च्याच जून महिन्यात ते वारले आणि त्यांच्या जागी आले बेत्तीनो रिकासोली, किआंतीतल्या ब्रोलिओच्या किल्ल्याचे मालक. दोघंही मातीत उतरलेले जमीनदार. पण पुढे काय झालं बघा. ब्रोलिओचा किल्ला आजही रिकासोलींकडे आहे. ग्रिन्झानेचा किल्ला आता सार्वजनिक आहे, आणि भोवतालच्या टेकड्या शेकडो लहान शेतकरी कुटुंबांत वाटल्या गेल्या आहेत. तुमची निवड खरं तर या फरकाभोवतीच फिरते.

किल्ल्यातली वाईन

किआंतीत घराणं म्हणजे दप्तर, शिक्का आणि वंशावळ असलेलं घराणं. जोव्हान्नी दी पिएरो आंतिनोरी फ्लोरेन्सच्या वाईनवाल्यांच्या व्यापारी संघात दाखल झाले ते १३८५ साली. शिवजन्माच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीची ही नोंद, आणि तेव्हापासून सव्वीस पिढ्या तोच धंदा. फ्लोरेन्समधला त्यांचा वाडा १५०६ पासून त्यांच्याकडे आहे. ब्रोलिओ रिकासोलींकडे ११४१ पासून, फोंतेरुतोलीचा मळा मात्सेईंकडे १४३५ पासून. याच मात्सेईंचे पूर्वज सेर लापो यांच्या १३९८ च्या एका कागदात 'किआंती' हे नाव वाईनसाठी आलेलं आहे. कागदपत्रांची आवड असेल तर टस्कनीला तोड नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आमच्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांपर्यंत मागे जाता येतं. तिथे सातशे-आठशे वर्षं मागे जाता येतं आणि वाट कुठे तुटत नाही.

त्या कागदांत नुसती नावं नाहीत, कामही आहे. बेत्तीनो रिकासोलींनी वर्षानुवर्षं ब्रोलिओत प्रयोग केले आणि १८७२ साली पिसाच्या एका प्राध्यापकांना पत्रातून निष्कर्ष कळवला. सांजोवेझे सुगंध आणि जोर देते, कानाईओलो तिचा कडकपणा निववते, आणि मालव्हाझिआ ही पांढरी जात लवकर प्यायच्या वाईनलाच घालावी, मुरवायच्या वाईनला टाळावी. इतकं नेमकं सांगूनही १९६७ च्या नियमांनी सगळ्याच किआंतीत पांढरी द्राक्षं सक्तीची केली, दहा ते तीस टक्के. आंतिनोरींची तिन्यानेल्लो ही वाईन १९७१ पासून किआंतीचं नाव सोडून साधी 'टेबल वाईन' म्हणून विकली गेली, तिच्यामागे नियमांशी असलेला हाच झगडा होता. किआंती क्लासिकोतून, म्हणजे किआंतीच्या जुन्या मूळ भागातल्या वाईनमधून, पांढरी द्राक्षं पूर्ण गेली ती थेट २००६ च्या हंगामापासून. म्हणजे 'परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं ते आजोबांचं आहे की सरकारी नियमाचं, हे किआंतीत जरा तपासून घ्यावं लागतं.

फ्लोरेन्स शहरात अर्धा दिवस मात्र जरूर ठेवा, जुन्या वाड्यांच्या भिंतीतल्या वाईनच्या खिडक्या बघायला. हात आणि एक बाटली जाईल एवढीच कमानदार भोकं, बहुतेकांना लाकडी झडप. सरदार घराणी आपल्या मळ्यातली वाईन यातून थेट रस्त्यावरच्या माणसाला विकायची, मध्ये दुकानदार नाही. १६३० च्या दशकातल्या प्लेगमध्ये हात न लावता विक्री करायला त्या उपयोगी पडल्या, आणि २०२० च्या साथीत काही पुन्हा उघडल्या. शहरात अशा दीडशेहून जास्त आहेत. माझ्या बायकोला सगळ्या टस्कनीत हीच गोष्ट सर्वांत आवडली. एवढं मोठं घराणं, आणि एवढ्याशा खिडकीतून बाटलीमागे पैसे मोजून घेणारं.

पण किल्ल्यातल्या वाईनची दुसरी बाजू समजून घेतल्याशिवाय किआंती कळत नाही. ती म्हणजे मेझ्झाद्रिया. आपल्याकडे अर्धेलीने जमीन करतात तसंच. मालकाची जमीन आणि घर, कुळाची मेहनत, पीक निम्मं निम्मं. एकेका वाड्याभोवती अशी कित्येक दगडी शेतघरं, प्रत्येकात एक मोठं कुटुंब, आणि सगळ्यांवर मालकाचा कारभारी. घरात लग्न करायचं तरी मालकाची परवानगी लागायची, असे करार होते. १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद झाले आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्यांचं खंडात रूपांतर झालं. आपल्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळाला जमिनीचा मालक करायचं ठरवलं. तिथे तसं झालं नाही. जमीन बहुतेक ठिकाणी मालकाकडेच राहिली आणि कुळं फ्लोरेन्स, प्रातोच्या कारखान्यांत गेली. रिकामी झालेली ती दगडी घरं मग बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली. आज तुम्ही ज्या सुंदर शेतघरात मुक्काम कराल, त्याची कहाणी बहुधा हीच असते.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला ती सांगतो. किल्ल्याचं नाव घेत नाही, कारण अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि एकट्याला दोष देणं बरं नाही. आमची वेळ साडेदहाची, बारा जणांचा गट. आत शिरताच भिंतभर रंगवलेला वंशवृक्ष, फांद्यांवर चेहरे, खाली साल. माहिती सांगणारी मुलगी फ्लोरेन्सची, शिकलेली, नम्र. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तळघर बघून आम्ही माळ्यावर गेलो. तिथे विन सांतो, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची वाईन, तिच्यासाठीचे घड आकड्यांना टांगून सुकवत ठेवले होते, आणि भिंतीकडेला छोटी पिंपं, वर्षानुवर्षं न उघडता ठेवलेली. थंडी-उन्हाळा दोन्ही लागावेत म्हणून ही पिंपं मुद्दाम कौलांखाली ठेवतात.

तिथे सत्तरीचे एक गृहस्थ घडांतून सडके मणी काढत होते. आमच्या शेडवर बायका छोट्या कात्रीने हेच करतात, म्हणून मी त्या मुलीमार्फत विचारलं, कुठला मणी टाकायचा हे कशावरून ठरवता? त्यांनी एक मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने दाबून दाखवलं. मग बोलायलाच लागले. त्यांचे आजोबा याच टेकडीवर मेझ्झाद्रियाने राबत होते. निम्मी द्राक्षं किल्ल्यावर जायची, पण उरलेल्या निम्म्यातलं थोडं विन सांतो घरच्या माळ्यावर व्हायचं. पिंपाच्या तळाशी जो दाट साका राहतो त्याला ते 'मादरे' म्हणतात, म्हणजे आई. नवा रस त्याच साक्यावर ओततात. आपलं विरजण, दुसरं काय. त्यांच्या घरची ती आई कुणाच्या घरून आली होती, हे ते सांगणार होते. तेवढ्यात त्या मुलीने घड्याळ बघितलं. साडेअकराचा गट खाली आला होता.

पुढची पंधरा मिनिटं आम्ही तीन पेल्यांसमोर उभे होतो आणि त्यानंतर दुकानात. वाईन, ऑलिव्ह तेल, घराण्याचा शिक्का छापलेले एप्रन. त्या गृहस्थांशी नंतर दहा मिनिटं बोलता येईल का, असं मी विचारलं. तशी सोय नाही, प्रश्न मेलवर पाठवा, असं उत्तर मिळालं. मी पाठवला. परत आलं ते वेगवेगळ्या सहलींचं दरपत्रक.

त्या विरजणाची गोष्ट मला आजही अर्धीच माहीत आहे, आणि ते मला मनापासून लागतं. पुढच्या दोन ठिकाणी मी मुद्दाम विचारलं, घराण्यातलं कोण इथे राहतं? एका ठिकाणी उत्तर आलं फ्लोरेन्समध्ये, दुसऱ्या ठिकाणी मिलानमध्ये. वंशवृक्ष तिन्ही ठिकाणी भिंतीवर होता.

तीन ठिकाणांवरून अख्ख्या किआंतीला नावं ठेवणं बरोबर नाही, हे मलाही कळतं. हंगामाचे दिवस होते, गर्दी होती. आणि या घराण्यांचं कसबही खोटं नाही. रिकासोलींची वाईन मध्यंतरी परदेशी कंपन्यांच्या हातात गेली होती. फ्रांचेस्को रिकासोलींनी १९९३ साली ती परत मिळवली आणि ब्रोलिओचे मळे पुन्हा लावायला घेतले. पिएरो आंतिनोरींना तीन मुली. आज धुरा त्यांच्याकडे आहे आणि थोरली आल्बिएरा अध्यक्ष आहे. घराणं टिकवणं म्हणजे नुसतं वारशाने मिळणं नव्हे, हे दोन्ही ठिकाणी दिसतं. फक्त ते तुम्हाला वाचून कळेल. भेटून कळण्याची शक्यता मला कमी वाटली.

अंगणातली वाईन

लांगेत बाटलीवरची कौटुंबिक नावं त्या मानाने अलीकडची. बारोलोच्या फाल्लेत्ती या सरदार घराण्याची शेवटची मार्केझा (सरदारीण), जन्माने फ्रेंच असलेली जुलिया, १८६४ साली निपुत्रिक वारली आणि तिची मालमत्ता धर्मादाय संस्थेकडे गेली. राजघराण्याच्या एका शाखेने उभा केलेला फोंतानाफ्रेद्दाचा मोठा मळा १९३० च्या सुमारास डबघाईला आला आणि बँकेच्या ताब्यात गेला. राहिले ते दोन-चार हेक्टरवाले. त्यांच्याकडे ना पिंपं, ना बाटल्या. ते द्राक्षं पिकवायचे आणि ऑक्टोबरात बैलगाडीत घालून आल्बा शहराच्या चौकात न्यायचे. तिथे दलाल आणि वाईन कंपन्यांचे व्यापारी. सकाळी भाव बोलायचा नाही, दुपारपर्यंत थांबायचं, कारण गाडीतली द्राक्षं संध्याकाळपर्यंत थांबू शकत नाहीत हे दोघांनाही माहीत. हे ऐकताना मला बाबा आठवले. माल नाशवंत, घेणारा निवांत. निफाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे भाषांतर करून सांगावं लागणार नाही.

त्या चौकातून सुटायचे दोनच मार्ग होते. एक, एकत्र येणं. बार्बारेस्कोत दोमित्सिओ काव्हात्सांनी १८९४ मध्ये शेतकऱ्यांची एकत्रित वाईन करणारी संस्था काढली. फॅसिझमच्या काळात ती बंद पडली. १९५८ साली गावच्या पाद्र्याने एकोणीस शेतकऱ्यांना घेऊन ती पुन्हा उभी केली, आणि पहिल्या काही हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली. सहकाराची सवय असलेल्या आपल्या माणसाने ही संस्था, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को, आवर्जून बघावी. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःच्या नावाने बाटली भरणं. हे धाडस बहुतेक घरांनी १९६० नंतर केलं, म्हणजे ज्यांनी पहिली बाटली भरली त्यांची मुलं-नातवंडं आज तुम्हाला दार उघडतात. १९८६ मध्ये स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल घालण्याचा प्रकार उघडकीला आला, वीसहून जास्त माणसं दगावली, आणि त्याचा उगम याच भागाच्या आसपास निघाला. त्यानंतर बाटलीवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव असणं याला वेगळीच किंमत आली.

लांगेतली आमची पहिली भेट सेर्रालुंगा गावाच्या खालच्या अंगाला, एका साध्या शेतघरात. फाटकाला पाटी एवढीशी, आम्ही दोनदा पुढे गेलो आणि परत आलो. पासष्टीच्या एका बाईंनी दार उघडलं. एप्रन, पायात रबरी बूट, आणि बोटं मनगटापर्यंत जांभळी. मालक कुठे आहेत असं विचारायच्या आधीच कळलं की मालक त्याच. इंग्रजी त्यांच्या मुलाला येत होतं. बोलणं सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला आतून हाक आली. नेब्बिओलो आंबत होती आणि वर आलेल्या सालींवर खालचा रस पुन्हा सोडायची वेळ झाली होती. बाई म्हणाल्या, चला आत, आणि नळी माझ्या हातात दिली. वीस मिनिटं मी टाकीवर उभा राहून सालींवर रस सोडत होतो. मुलगा सांगत होता, जोर नको, साली भिजल्या पाहिजेत, फुटायला नकोत. खाली आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेले मांडले, सोबत चीज आणि घरचा हेझलनटचा केक. शेजारी त्यांची नात गृहपाठ करत होती.

मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, कुठला मणी टाकायचा हे कशावरून ठरवता? त्यावर अर्धा तास गेला. त्यांच्या सासऱ्यांची पद्धत एक, नवऱ्याची दुसरी आणि त्यांची स्वतःची तिसरी, आणि त्या तिन्हींचे तोटे त्यांनी सांगितले. एका वर्षी गारांनी निम्मं पीक नेलं, तेव्हा बारोलो भरलीच नाही, हेही सांगितलं. ती वर्षं त्यांनी लपवली नाहीत, त्यामुळे चांगल्या वर्षांबद्दल जे बोलल्या त्यावर माझा विश्वास बसला.

या घरांच्या परंपरेत भांडणंही आहेत आणि तीही ते सांगतात. लांगेतल्या एका वाईनवाल्याचा मुलगा एलिओ आल्तारे १९७६ मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीला जाऊन आला आणि तिथल्या शेतकऱ्यांची भरभराट बघून अस्वस्थ झाला. १९८३ साली त्याने वडिलांची जुनी मोठी पिंपं करवतीने कापली आणि २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणायचं ठरवलं. या छोट्या पिंपाला 'बारिक' म्हणतात. आपल्या 'बारीक'शी नावही जुळतं आणि अर्थही, त्यामुळे लक्षात राहतं. वडिलांनी त्याला वारशातून वगळलं. वडील गेल्यावर भावंडांकडून जमीन विकत घेऊन त्याने पुढे काम केलं. उलट बाजूला बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो. मोठी जुनी पिंपंच वापरणार, आणि एकाच मळ्याची वेगळी बाटली काढायच्या काळात आपल्या सगळ्या मळ्यांची द्राक्षं वडिलांसारखी एकत्रच आंबवणार. म्हातारपणी चाकाच्या खुर्चीत बसून ते लेबलं हाताने रंगवायचे. २००५ साली ते गेले. मुलगी मारिया तेरेझाने पिंपं बदलली नाहीत आणि मळे वेगळे केले नाहीत. जोव्हान्नी आणि आल्दो हे कोंतेर्नो भाऊ १९६९ मध्ये वेगळे झाले आणि आज दोन्ही घरांची बारोलो जगभर मागितली जाते. भाऊबंदकीतून दोन चांगल्या गोष्टी निघाल्याचं असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

लांगेही बदलते आहे, हे लपवत नाही. कास्तिल्योने फाल्लेत्तोमधलं व्हिएत्ती हे जुनं घर २०१६ साली एका अमेरिकन उद्योजक कुटुंबाने घेतलं. २०१४ मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या वारसा यादीत आला, आणि तेव्हापासून हॉटेलांचे दर आणि जमिनीचे भाव चढले असं तिथले लोकच सांगतात. मोठ्या चकचकीत इमारती इथेही उठल्या आहेत. पण अजून बहुतेक घरांत मालकच छाटणी करतात आणि मालकच पेला भरतात. आणखी वीस वर्षांनी असंच असेल असं मी म्हणत नाही, आणि जायचं तर आत्ता जा असं मला वाटतं त्याचं हेही एक कारण आहे.

सोयीचं बोलायचं तर

सोयीत किआंती बरीच पुढे आहे. फ्लोरेन्सहून बस थेट किआंतीतल्या ग्रेव्हे गावाला जाते, इंग्रजी सगळीकडे चालतं, आयत्या वेळी गेलात तरी कुठेतरी जागा मिळते, मुक्कामाला शेतघरं भरपूर. सासू-सासरे किंवा लहान मुलं सोबत असतील, किंवा निम्म्या लोकांना वाईनपेक्षा चित्रं आणि चर्च बघायची असतील, तर मी स्वतः किआंतीच सुचवेन. शाकाहारी माणसाचंही तिथे सोपं. रिबोल्लिता म्हणजे पाव, घेवडा आणि काळ्या कोबीची दाट आमटी, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे पाव-टोमॅटोचं गरम मिश्रण, वर ताजं ऑलिव्ह तेल. लांगेत ताटात मांस आणि अंचोवी मासा पटकन येतो. भाज्या बुडवून खायच्या बान्या काउदातही अंचोवी असते, त्यामुळे विचारून घ्या. लोणी आणि सेजच्या पानांतल्या ताय्यारिन शेवया मात्र अप्रतिम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्बाला पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखालच्या महागड्या भूछत्राचा, बाजार भरतो.

लांगेला तुरिनहून रेल्वेने आल्बापर्यंत जाता येतं, पुढे गाडी हवीच. चालवणाऱ्याने तोंडातली वाईन थुंकायची. त्यासाठी भांडं असतंच आणि कुणाला वाईट वाटत नाही. इटलीत रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम मद्य ही मर्यादा आहे आणि वळणं अवघड आहेत, सकाळी धुकं वेगळं. रविवारी बहुतेक घरं बंद, दुपारी साडेबारा ते अडीच जेवण. आणि जी वाईन आवडेल ती विकत मिळेलच असं नाही. आम्हाला दोन घरांत 'संपली' हे उत्तर मिळालं आणि तिसऱ्यात माणशी एकच बाटली. यावर वैतागणारी मंडळी मी बघितली आहेत. मला फारसं खटकलं नाही. जेवढी द्राक्षं तेवढीच वाईन, हे हिशेब माझ्या ओळखीचे.

बाटल्यांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. परतताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या. घरी थंड जागा नसेल तर पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात तरुण बारोलो दहा वर्षं मुरवायचा बेत करू नका. त्यापेक्षा चांगली किआंती क्लासिको आणा आणि दिवाळीपर्यंत पिऊन टाका. जेवणासोबत, विशेषतः टोमॅटो-लसणाच्या जेवणासोबत, तीच जास्त जमते. नेब्बिओलोचा तुरटपणा आमच्या घरी दोघांना झेपलाच नाही. पेल्यातल्या वाईनवरून निवडायचं असतं तर माझा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

पण तुमचा प्रश्न घराण्यांचा होता, म्हणून माझ्या मते लांगे. त्यासाठी घर सोडण्याआधी एक काम नीट करा: मेल. ऑक्टोबरात जायचं तर जूनमध्ये पाठवा, इटालियनमध्ये भाषांतर करून पाठवा, आणि एकेका घराला वेगळी पाठवा. मी पहिल्या खेपेला सहा घरांना लिहिलं होतं की आम्ही भारतातून येतोय, तुमच्या वाईनचे चाहते आहोत, चव घ्यायची आहे. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. बायको म्हणाली, बागेचं लिही. मग दुसऱ्या मेलमध्ये बाबांचा मांडवाखालचा फोटो जोडला आणि लिहिलं की तुमची तोडणी चालू असते त्याच महिन्यात आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी असते, वर्षातून दोनदा छाटावं लागतं. तुमच्याकडे बाग नसेल, पण घरात पिढ्यांपासून काहीतरी चालत आलेलं असेलच, गिरणी, गोठा, सोनारकाम, किराणा दुकान. ते लिहा, खरं ते लिहा.

दोन दिवसांत चार घरांची उत्तरं आली. सेर्रालुंगाच्या त्या बाईंच्या मेलमध्ये वेळ-तारीख नव्हती, एकच ओळ होती: दोनदा छाटलं तर वेल दमत नाही का? मी बाबांना फोन लावला. "दमते की," बाबा म्हणाले, "म्हणून तर एप्रिलात खरड छाटणी करून तिला नवी काडी धरायला लावतो. विचार त्यांना, त्यांची वेल थंडीत चार महिने झोपते ती उठते कशी?" ते जसंच्या तसं भाषांतर करून पाठवलं. उत्तर आलं, मंगळवारी तीन वाजता या, तेव्हा सांगते.